एकात एक बसवलेले सिंबॉल: लूप जोडाशी झटका का देतो?

प्रश्न:
मरीन ड्राइव्हवरच्या पावसाचे अखंड चालणारे दृश्य मी अ‍ॅडोबी अ‍ॅनिमेट या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये, सेकंदाला २४ फ्रेम (चित्रे) या गतीने करत आहे. पुढे आता रस्त्यावर न दिसणारी व्हिक्टोरिया घोडागाडी, मागे कठडा व लाटा, आणि सर्वांवर पाऊस. चाकाचा एकच सिंबॉल (पुन्हा पुन्हा वापरता येणारा, स्वतःची टाइमलाइन म्हणजे फ्रेमची पट्टी असलेला भाग) गाडीच्या सिंबॉलमध्ये लहानमोठा करून वापरला आहे. आधी सर्व भाग मूव्ही क्लिप या प्रकारचे सिंबॉल होते. प्लेहेड (टाइमलाइनवरची चालू फ्रेम दाखवणारी खूण) सरकवताना ते स्थिरच दिसत, म्हणून मी ते ग्राफिक या प्रकारचे केले. चाकाचे आवर्तन १२, पावसाचे १६, लाटांचे ४० आणि मुख्य टाइमलाइन ६० फ्रेमची आहे. आता दर अडीच सेकंदांनी पाऊस व लाटा उडी मारतात, आणि बारा आऱ्यांचे चाक तर फिरतच नाही असे वाटते.

उत्तर १:
ग्राफिक केलेत ते योग्यच. मूव्ही क्लिपची टाइमलाइन स्वतंत्र चालते, ग्राफिकची मात्र बाहेरच्या टाइमलाइनला बांधलेली असते. त्यामुळे मुख्य टाइमलाइन पहिल्या फ्रेमवर परतली की आतले भाग अर्ध्यावर असले तरी मागे खेचले जातात. ६० ला १२ ने भाग जातो, १६ व ४० ने जात नाही. तिन्हींचा लसावि २४०, म्हणजे मुख्य टाइमलाइन तेवढ्या फ्रेमची, १० सेकंदांची हवी. लाटा ४८ फ्रेमच्या केल्यास तो ४८ वर येतो.

चाकाची गंमत निराळी आहे. बारा आऱ्यांमध्ये प्रत्येकी ३० अंशांचे अंतर, आणि १२ फ्रेममध्ये एक फेरा म्हणजे दर फ्रेमला तेवढेच ३० अंश. प्रत्येक आरा नेमका शेजाऱ्याच्या जागी जाऊन बसतो! फेरा ४८ फ्रेमचा करा.

उत्तर २:
पावसाचा एकच सिंबॉल तीन थरांत ठेवून लूपिंगमधील ‘फर्स्ट’ या रकान्यात १, ६ व ११ असे आकडे द्यावेत आणि पुढचा थर मोठा करावा. मग तोच पाऊस तीनदा वापरल्याचे जाणवत नाही.

प्रश्नकर्ती:
झटका गेला आणि चाकही फिरू लागले. लाटा मात्र जोडाशी क्षणभर थबकतात.

उत्तर १:
पहिली आणि शेवटची फ्रेम सारखीच असणार, म्हणून तीच स्थिती दोनदा दिसते. पहिल्या कीफ्रेमची (स्थिती ठरवून दिलेल्या फ्रेमची) प्रत ४९ व्या फ्रेमवर ठेवून क्लासिक ट्वीन (दोन कीफ्रेममधली हालचाल आपोआप भरणारी सोय) द्या, ४८ व्या फ्रेमवर कीफ्रेम घाला आणि मगच ४९ वी काढून टाका. ४८ वर कीफ्रेम न घालता ती काढलीत, तर ट्वीनच तुटेल.