सल्ला हवा: चार लाख आहेत. बागेवर प्लास्टिक, उंचावर गोठा की जतला जमीन?

मळीकाठचा (पलूस तालुका)
नमस्कार मंडळी. आमचं तीन एकर रान. दीड एकर नदीकाठच्या मळीत ऊस, दीड एकर माळाला द्राक्षबाग. दावणीला दोन म्हशी, एक गाय. 2019 ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, 2021 ला परत 54 च्या वर. धोक्याची पातळी 45. पहिल्या पुरात रात्री दावी कापून जनावरं रस्त्यावर काढली, एक रेडी तेवढी हाती लागली नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीवर चार बोटं पाण्याची रेघ आहे, आई रंग देऊ देत नाही.
बहिणीनं पगारातून साठवून चार लाख दिलेत. एकदाच मिळणारे पैसे आहेत. कुठं घालू: द्राक्षबागेवर पावसापासून प्लास्टिकचं आच्छादन, माळावर उंच गोठा, की पुरापासून लांब जत तालुक्यात जमीन? कळकळीनं विचारतोय.

तासगावचा बागायतदार
भावा, चार लाखात दीड एकराचं आच्छादन बसणार नाही, उरलेल्याला कर्ज काढावं लागेल. अवकाळीत डाऊनी (बुरशीचा रोग), घडकूज आणि मणी तडकणं यावर प्लास्टिक चांगलंच आहे, मी स्वतः अर्ध्या एकरावर केलंय. पण कर्ज काढून करू नको. यंदा फळपीक विमा मात्र चुकवू नको. शेतकऱ्याचा हप्ता साधारण विमा रकमेच्या 5 टक्के. एक गोष्ट आधीच समजून घे: हा विमा तुझ्या बागेचं नुकसान बघत नाही, महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर किती पाऊस पडला ते बघतो. केंद्रावर कोरडं आणि तुझ्या बागेत धो धो, असं झालं तर हातात काही येत नाही. माझ्या बाबतीत एकदा झालंय. गारपिटीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं.

जतची सून
दादा, जमिनीचा विचार सोडा. आमच्याकडं म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी आल्यापासून लोकांना वाटतं दुष्काळ संपला. आवर्तन (पाण्याची पाळी) कधी सुटेल आणि शेवटच्या पोटचारीला किती पोचेल यावर आमचं सगळं. उपसा योजनेच्या वीजबिलातले 81 टक्के सरकार भरतं, 19 टक्के आमच्या पाणीपट्टीतून. तेवढेही वेळेवर जमले नाहीत की पंप थांबतात. पुरातून उठून टंचाईत येऊन बसाल. दोन ठिकाणची राखण एका माणसाला होत नाही, हे मी रोज बघते.

निवृत्त बँकवाली, मिरज
बाळा, तू प्रश्न पिकाचा विचारलास, पण रेडी आठवली ना तुला आधी? मीही तिथूनच सुरू करीन. केंद्राच्या 2022-26 च्या निकषात बहुवार्षिक पिकाला हेक्टरी 22,500 रुपये मदत, म्हणजे एकरी 9,000. बागेचा एकरी खर्च लाखांत. दुभती म्हैस गेली तर 37,500, आणि चांगली म्हैस बाजारात लाखाच्या पुढं. उसाला आपल्याकडं पीक विमाच नाही. सरकारी मदत म्हणजे घोटभर पाणी, तहान त्यानं भागत नाही.
पूर आला की शेंडा पाण्याखाली राहिलेला ऊस कुजतो, वाचलेल्याला पांगशा (बाजूचे फुटवे) फुटतात, वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतात. त्या सालात घर चालवायचं ते दुधाच्या पैशावर. म्हणून आधी माळावर गोठा: उंच जोतं, पत्रा, वर चाऱ्याची आणि धान्याची जागा. दीड-दोन लाखात साधा होईल, अंगमेहनत घरची धर. उरलेल्यातला लाखभर बँकेत मुदत ठेवीत ठेव, त्याला हात लावायचा तो फक्त पुराच्या सालात. मी कर्जाच्या टेबलावर होते. पूर ओसरला की लोक आधी दागिना मोडायचे, मग सावकाराकडं जायचे, आणि त्याचं व्याज पुढची तीन सालं फिटत नसे. हातातली रोकड त्या दोन महिन्यांत वाचवते. पीककर्ज तीन लाखांच्या आत ठेव आणि वेळेवर फेड, बिनव्याजी पडतं.

तासगावचा बागायतदार
काकूंचं पटलं. उरले तर ठिबक. अल्पभूधारकाला 80 टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, पण ते नंतर खात्यावर येतं, आधी खिशातून घालावे लागतात. त्यासाठी पैसे बाजूला ठेव.

मळीकाठचा
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, गोठ्याचं जोतं खिडकीवरच्या रेघेपेक्षा दोन हात वर घ्यायचं. उद्या गवंड्याला घेऊन माळावर जातोय, रेघेची उंची तिथवर कशी न्यायची ते बघायला. लेव्हल पाइप कुणाकडं असेल तर सांगा.