एसटीची पाटी मोबाइल वाचून दाखवतो का?

सतारगल्ली:
नमस्कार मंडळी. राहतो सांगलीत, कामाला मिरजेत सतारमेकर गल्लीत. सतारीची जवारी, म्हणजे तारेचा झंकार, लावायला कान आणि बोटं पुरतात, एसटीची पाटी वाचायला मात्र डोळेच लागतात. रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्यांच्या पडद्याच्या आजारामुळं माझे आता उजेड-अंधार कळण्यापुरतेच राहिलेत. विचारायची लाज नाही, पण हल्ली ज्याला विचारावं त्याच्या कानात बोळे! दुसरी अडचण दवाखान्याची. परवा चिठ्ठीवर 'खोली १४' लिहून दिलं आणि व्हरांड्यात सगळी दारं सारखी. फोन साधा अँड्रॉइड, पडदा वाचून दाखवणारं टॉकबॅक मराठीत बोलतं. त्यावर काही जमेल का? ते बोलणारे चष्मे परवडणारे नाहीत.

कोडवाला_विश्रामबाग:
काका, गूगल लेन्स आहे की. पाटीवर कॅमेरा धरा, देवनागरी चांगली वाचतं. फुकट आहे.

काठीवाल्या_बाई:
बाळा, 'पाटीवर धरा' म्हणतोस, पण पाटी कुठाय हेच तर दिसत नाही ना!

दादा, मी जन्मापासून अंध, शाळेत शिकवते. आधी दवाखान्याचं सांगते. दाराजवळ जाऊन फोन धरलात तर कॅमेऱ्याला नुसतं लाकूड दिसतं. त्यापेक्षा समोरच्या भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. व्हरांड्याच्या रुंदीएवढं अंतर मिळालं की चौकटीवरची असो नाहीतर बाजूची, पाटी सापडते. चकचकीत पाटीवर ट्यूबलाइट चमकली की अक्षरं पुसल्यासारखी होतात, तेव्हा फोन जरा तिरका करा. फोन गळ्यात दोरीला अडकवलेला बरा, एका हातात काठी असतेच. हेडफोन एकाच कानात घाला, दुसरा कान रस्त्यासाठी.

आता एसटी. फलाटाला येणाऱ्या गाडीची पाटी टिपायच्या नादी लागू नका. रंगवलेली पाटी आणि गाडी थांबलेली असेल तर वाचतं कधी कधी. एलईडीच्या पाटीचं निराळंच. तिचे सगळे दिवे एकदम पेटलेले नसतात, ओळीओळीनं भराभर लागतात-विझतात. डोळ्यांना ते कळत नाही म्हणे, पण कॅमेऱ्यात अर्धीच अक्षरं येतात.

'बी माय आइज' हे ॲप मात्र घ्याच. डेन्मार्कमध्ये २०१५ ला सुरू झालं. व्हिडिओ कॉल लावला की कुणीतरी डोळस स्वयंसेवक तुमच्या कॅमेऱ्यातून बघून सांगतो. औषधाच्या बाटलीला, लाइटच्या मीटरला झकास. भर रस्त्यात चालताना नको.

खरं तर गाडीनंच बोलायला पाहिजे. दिल्लीच्या आयआयटीनं 'ऑनबोर्ड' नावाचं यंत्र केलंय. आपण हातातलं बटण दाबायचं, गाडीवरचा स्पीकर तिचा नंबर बोलतो. मुंबईत बेस्टच्या गाड्यांवर चाचणीही झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४१ तर खास वाहतुकीवरच आहे. आपल्याकडं गुळगुळीत फरशी बसवली की झाली सुधारणा! पावसाळ्यात तिच्यावर डोळसही घसरतात.

निवृत्त_वाहक:
सतारवाले, मी एसटीत वाहक होतो. एकट्याला विचारू नका, तो दुसऱ्याच्या तोंडाकडं बघतो. गाडी लागली की दारापाशी काठी पुढं धरून 'मिरज का ओ?' असं मोकळं ओरडा, चार जण सांगतात. शहरी गाड्या सहसा ठरल्या जागीच लागतात, ती जागा पायाखालची करून घ्या. आणि ७५ टक्के सवलतीचं कार्ड काढलंय ना?

सतारगल्ली:
कार्ड आहे. बाई, पाठ लावायची युक्ती आज दुकानात करून बघितली. समोरची अख्खी पाटी वाचली, फोन नंबर आणि 'येथे गाडी लावू नये' सकट. रंगाऱ्यानं 'तंबोरे' जरा वळणदार काढलंय, त्याचं 'तंबारे' केलं, एवढंच. सोमवारी रिपोर्ट आणायला जायचंय. कोडवाला, ते लेन्स पटकन उघडायचं कसं? दर वेळी सगळा पडदा चाचपत बसतोय.

कोडवाला_विश्रामबाग:
'हे गूगल, ओपन गूगल लेन्स' म्हणा काका. नाहीच ऐकलं तर रविवारी मिरजेत येतो, होम स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात बसवून देतो. बाई, तुमच्यासमोर आता 'पाटीवर धरा' म्हणणार नाही.