फोर्ट जॉयच्या मगरी

मगरींनी तीनदा लोळवलं म्हणून ‘डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २’ हा व्हिडिओ गेम सोडून दिलात, हे वाचून खरंच वाईट वाटलं. फोर्ट जॉयच्या त्याच किनाऱ्यावर मीही दोन संध्याकाळी अडकले होते.

सगळं मर्म चिलखतात आहे. इथे चिलखतं दोन असतात, एक शारीरिक, एक जादूचं. जादूचं उतरेपर्यंत विजेने कुणी बधिर होत नाही. हे उमगल्यावर मी थोडा थोडा मारा सगळ्यांवर करणं थांबवलं आणि माझ्या चमूतल्या चारही पात्रांनी मिळून एकच मगर धरली. जादूचं चिलखत उतरवलं, पाऊस पाडला, मग वीज! ओली मगर जागीच थिजली. (आपलं कुणी त्या डबक्यात उभं नाही ना, तेवढं आधी बघा.)

त्यातल्या एका मगरीकडे टेलिपोर्टेशनचे, म्हणजे कुणालाही उचलून दुसरीकडे टाकणारे, हातमोजे सापडतात. पुढच्या एका लढाईत त्यांच्या जोरावर उंचावरचा तिरंदाज उचलून थेट आमच्या तलवारवाल्यासमोर आदळला, तेव्हा मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. उंचावरून बाण लांब जातो, जास्त लागतो, म्हणून त्याला खाली आणणं हीच अर्धी लढाई होती.

जुना सेव्ह (साठवून ठेवलेला खेळ) असेल तर तोच उघडा. मगरींकडे जायच्या आधी तिघं सोबती जमवा.