प्रतिसाद: आकडे येतात, पण सांगता येतात का?

"सीएला आकडे आले की झालं, बोलणं कशाला हवं?" हे काही पटलं नाही बुवा. नाशिकला आर्टिकलशिप (सीए होण्याआधीची उमेदवारी) करताना सातपूर एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्या शेठना तीनदा सांगितलं, एकाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख देऊ नका, आयकरात तो खर्च धरत नाहीत. मान डोलवायचे, पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. शेवटी त्यांचंच १८,००० च्या रोख खर्चाचं व्हाउचर उलटं केलं आणि पेन्सिलीनं लिहिलं: ३० टक्के कर, वर ४ टक्के सेस (करावरचा उपकर), ५,६१६ रुपये. "शेठ, एवढे फर्मच्या खिशातून उगाच जाणार." चहा तसाच राहिला, चेकबुक बाहेर आलं. (सीएच्या विद्यार्थ्यांना बोलणं-वागणं शिकवणाऱ्या, आयसीआयटीएसएस प्रशिक्षणातल्या १५ दिवसांच्या ओरिएंटेशनमध्ये मी मागच्या बाकावर डुलक्या काढत होतो, ते सोडा.)