मदत हवी आहे: इंग्रजीत 'रात्री दीड' नेमकं कसं लिहायचं?

रावेरचा_हिशेबनीस

राम राम मंडळी. सावद्याजवळ केळीच्या पॅकहाउसवर कागदपत्रं बघतो. माल दुबईला जातो, त्यामुळे रोजचे दोन-चार मेल इंग्रजीत लिहावे लागतात. दिवसाचं इंग्रजी जमतं, घोळ रात्रीचा होतो. आणि आमचं निम्मं काम रात्रीचंच. दुपारनंतर घड कापून आणायचे, फण्या धुऊन खोक्यांत भरायच्या, माल तेरा-चौदा डिग्रीवर आणायचा आणि मग गाडी सोडायची.

मागच्या आठवड्यात मेलमध्ये लिहिलं, 'द ट्रक विल लीव्ह ऑन फ्रायडे मिडनाइट.' माझ्या डोक्यात शुक्रवारी जेवणं झाल्यावरची रात्र, बाराच्या पुढे, दीडच्या सुमारास. समोरच्याने धरलं गुरुवार संपून शुक्रवार लागतो ते बारा. शुक्रवारी सकाळी फोन, गाडीचा नंबर द्या. मी काय देऊ? घड अजून झाडावर! मालकांनी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्याआधी एकदा 'ऍट डॉन, ३ ओक्लॉक' लिहिलं होतं. पहाटे तीन म्हणून. तेही चुकलं म्हणतात. संध्याकाळ, रात्र, मध्यरात्र, पहाट यांना तिकडे काय म्हणतात आणि कुठून कुठपर्यंत, कुणी सांगेल का? डिक्शनरी अर्थ देते, वेळ देत नाही.

भुसावळ_यार्ड

भाऊ, शब्दांच्या नादी लागूच नको, चोवीस तासांचं घड्याळ लिही. नोकरी रेल्वेत गेली, सांगतो. ००:१० च्या गाडीचं तिकीट शनिवारचं, आणि माणूस सामानासकट शनिवारी रात्री फलाटावर. त्याची गाडी चोवीस तासांपूर्वीच गेलेली. असे किती पाहिले. आपला वार सूर्य उगवल्यावर बदलतो, पंचांगातही तसाच. रात्री दीडला आपल्यासाठी शुक्रवारच चालू असतो. घड्याळ मात्र बाराला रात्र मधोमध कापतं.

धुळ्याची_बाई

शाळेत इंग्रजी शिकवते. भुसावळकर दादांचा मुद्दा बरोबर, पण शब्दही कळायला हवेत, म्हणून जरा सविस्तर.

तुमची मूळ चूक वाराची नाहीच. आपली 'मध्यरात्र' ऐसपैस आहे, बारापासून दोन-अडीचपर्यंत काहीही चालतं. 'मिडनाइट' म्हणजे बाराचा ठोका, पुढे एक मिनिटही नाही. हा ठोका जाणाऱ्या दिवसाचा की येणाऱ्या, याबाबत खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांतही एकमत नाही. म्हणून विम्याच्या कागदांत किंवा वेळापत्रकांत पुष्कळदा ००:०१ किंवा २३:५९ लिहितात.

दीड वाजता त्यांची 'मॉर्निंग' असते. 'वन थर्टी इन द मॉर्निंग.' आपल्या कानाला चमत्कारिक वाटतं. कुत्रीसुद्धा झोपलेली आणि म्हणे सकाळ! पण तेच रूढ आहे. एक ते चार या वेळेला बोलताना 'स्मॉल अवर्स' म्हणतात, कारण आकडे लहान. कामाच्या मेलमध्ये तो शब्द नको.

'डॉन' म्हणजे उजेड दिसू लागणं, आपलं तांबडं फुटणं. आपली पहाट त्याच्या बरीच आधी, अंधारातच सुरू होते. तीनला 'डॉन' लिहिलंत तर वाचणारा सूर्य शोधणार.

तिन्हीसांजेला 'डस्क'. 'ट्वायलाइट' सकाळचाही असतो आणि संध्याकाळचाही. या शब्दांचा त्यांच्याकडे थाट आहे, कारण संधिप्रकाश तिकडे लांबतो. जूनमध्ये लंडनला रात्रभर आकाश पूर्ण काळं होतच नाही, सूर्य क्षितिजाखाली १८ अंश उतरतच नाही. आपल्याकडे दिवेलागण झाली की अर्ध्या तासात मिट्ट.

आणि 'यस्टरडे नाइट' कृपा करून लिहू नका, 'लास्ट नाइट'. दरवर्षी निम्मा वर्ग हे चुकतो. भेटल्यावर 'गुड नाइट' म्हणणंही नको, ते निरोपाचं. रात्री दहाला भेटलात तरी 'गुड ईव्हनिंग'च.

चोपडा_बागायतदार

बाई, मग 'फोर्टनाइट' काय? आमच्याकडे लाईटची पाळी रात्रीची असली की रात्री मोजून दिवस कळतो, तसं काही आहे का?

धुळ्याची_बाई

अगदी तसंच! 'फोर्टनाइट' म्हणजे मुळात 'चौदा रात्री'. जुने जर्मानिक लोक दिवसांऐवजी रात्री मोजत, हे रोमन लेखक टॅसिटसनेही नोंदवलंय. आठवड्याला 'सेनाइट', सात रात्री, असाही शब्द होता, तो गेला. आपला पंधरवडा पंधराचा, त्यांचा चौदाचा. पगाराच्या बाबतीत सांभाळा. 'ख्रिसमस ईव्ह'मधली 'ईव्ह' म्हणजेही संध्याकाळच, पण सण उद्याचा. म्हणजे आपण रात्र कालच्या दिवसाला जोडतो आणि तिथे संध्याकाळच उद्याला जोडली आहे.

रावेरचा_हिशेबनीस

ताई, दादा, आभार. माझी आजी पहाटे तीनलाही 'सकाय झाली, उठ' म्हणायची. म्हणजे इंग्रजी तिलाच येत होतं म्हणायचं. आता असं लिहितो: 'द ट्रक विल लीव्ह ऑन सॅटर्डे ऍट ०१:३०, आयएसटी.' चालेल?

भुसावळ_यार्ड

वार, आकडा दोन्ही बरोबर. फक्त आयएसटी नको, 'इंडिया टाइम' असं पूर्ण लिही. आयर्लंड आणि इस्रायलवालेही आपल्या वेळेला आयएसटीच म्हणतात. आणि कंसात दुबईची वेळ दे, ते दीड तास मागे आहेत.

रावेरचा_हिशेबनीस

दादा, दीडमधून दीड गेले की दुबईत बरोबर रात्रीचे बारा होतात. शुक्रवारचे लिहू की शनिवारचे?

भुसावळ_यार्ड

मालकांना सांग, गाडी दहा मिनिटं उशिरा सोडा.