ठेकेदार बदलताना राजीनामा मागत आहेत. दहा वर्षांच्या नोकरीचे काय?

प्रेसशॉप, चाकण (प्रश्न)

नमस्कार. चाकण औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी ऑगस्ट २०१५ पासून प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून भाग घडवण्याच्या विभागात) काम करतो. कारखाना तोच आहे आणि यंत्रही बहुतेक काळ तेच राहिले आहे. पगार देणारा ठेकेदार मात्र जुलै २०१९ च्या अखेरीस एकदा बदलला आणि आता, डिसेंबर २०२५ संपताना, पुन्हा बदलणार आहे. मागच्या वेळी आम्हाला कोणी काही विचारले नव्हते. सकाळच्या पाळीला गेटवर निळ्या पट्टीचे पास जमा करून घेतले, हिरव्या पट्टीचे हातात दिले आणि आम्ही त्याच यंत्रासमोर जाऊन उभे राहिलो.

या वेळी आम्हा ४२ जणांना दोन छापील कागद दिले आहेत. पहिल्यावर 'वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने राजीनामा देत आहे' असा मजकूर असून तारखेची जागा कोरी आहे. दुसऱ्यावर 'माझा संपूर्ण हिशेब मिळाला असून कोणतीही मागणी शिल्लक नाही' असे लिहिले आहे, परंतु हिशेबाची रक्कम कुठेच नाही. सह्या केल्या तरच नवा ठेकेदार पास देईल, असे तोंडी सांगितले जाते. माझे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये आहे. सही केल्यास ग्रॅच्युइटी (नोकरी सुटताना सेवेच्या वर्षांनुसार मिळणारी रक्कम) बुडते का, नव्या कायद्याने एका वर्षातच ग्रॅच्युइटी मिळते हे खरे का, आणि इतक्या वर्षांनंतर कंपनीत कायम होण्याचा हक्क लागतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त टाइमकीपर, भोसरी

आपण अजून सही केलेली नाही, ही चांगली गोष्ट आहे. कोऱ्या तारखेचा राजीनामा म्हणजे कोऱ्या धनादेशावर केलेली सही. मी एकोणतीस वर्षे हजेरीपत्रक सांभाळले असल्याने कागद कोठे तयार होतो आणि कोठून नाहीसा होतो, हे मला ठाऊक आहे. ठेकेदाराचे मस्टर ठेकेदार बदलला की त्याच्याबरोबर जाते आणि पुढे कोणत्याही अधिकाऱ्याने मागितले तरी सापडत नाही. म्हणून आधी आपला पुरावा गोळा करा आणि मगच वाद घाला.

पहिला पुरावा पीएफचा. यूएएन (पीएफच्या कायम) क्रमांकाने पासबुक उघडले की कोणत्या आस्थापनेने कोणत्या महिन्यात किती रक्कम भरली ते दिसते. दोन ठेकेदारांचे दोन वेगळे सदस्य क्रमांक दिसतील. ती पाने आजच उतरवून छापून ठेवा. नोकरीचा काळ इतक्या नेमकेपणाने सांगणारा आणि खुद्द ठेकेदारानेच भरलेला दुसरा कागद कामगाराच्या हाती सहसा नसतो. एखाद्या महिन्याची कपात पगारपत्रकात असून पासबुकात नसेल, तर तो निव्वळ उशीर समजू नका. कामगाराच्या पगारातून कापून न भरलेला वाटा हा फौजदारी विश्वासघात ठरतो. त्याखेरीज ईएसआयचे (कामगार विम्याचे) कार्ड, बँकेचे खातेउतारे, दोन्ही रंगांच्या पासांची छायाचित्रे, सुरक्षा प्रशिक्षणाची हजेरी, रजेचे अर्ज आणि कंपनीच्या फोरमनने पाळी बदलल्याचे मोबाइलवर पाठवलेले निरोप, हे सगळे जपून ठेवा. तुमची रजा कंपनीचा माणूस मंजूर करत असेल, तर त्या चिठ्ठीला पगारपत्रकाइतकीच किंमत आहे.

कायम होण्यासाठी औद्योगिक न्यायालयात यूएलपी (अनुचित कामगार प्रथेची तक्रार) दाखल करावी. वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवणे ही १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार अनुचित कामगार प्रथा आहे.

एचआरमधला एक

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो, त्यामुळे माझे म्हणणे काहींना रुचणार नाही. असे कागद बहुधा कंपनीच्या सल्लागाराच्या सांगण्यावरून तयार होतात. नव्या ठेकेदाराकडे जुन्या सेवेचे ओझे जाऊ नये आणि उद्या कोणी सलग दहा वर्षे दाखवू नयेत, हा त्यामागचा हेतू असतो. पद्धत मलाही पटत नाही, पण मनुष्यबळाचा ठेका जिथे खरेदी विभाग पत्र्याच्या कॉइलसारखा सर्वांत कमी दराने देतो, तिथे याहून वेगळे काही घडत नाही.

एक गोष्ट मात्र प्रश्नकर्त्याला उपयोगी पडेल. बहुतेक ठेक्यांच्या दरपत्रकात ग्रॅच्युइटीसाठी मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या ४.८१ टक्के असा रकाना असतो, कारण दर वर्षामागे मिळणारे १५ दिवसांचे वेतन, महिन्याचे २६ कामाचे दिवस धरून, बारा महिन्यांवर पसरले की तेवढेच येते. म्हणजे तुमच्या ग्रॅच्युइटीचे पैसे कंपनीने दरमहा ठेकेदाराला आधीच दिलेले असण्याची शक्यता आहे आणि ते त्याच्याकडून निघण्याची शेवटची संधी म्हणजे त्याचे अंतिम बिल. ते बिल अडवण्याचा अधिकार कंपनीकडे असतो. तुमचा लेखी अर्ज त्यापूर्वी कंपनीत पोहोचला, तर एचआरलाही बिल थांबवायला कारण मिळते.

कामगार खटल्यांतील वकील, पुणे

वर दिलेला पुराव्याचा सल्ला मोलाचा आहे, पण यूएलपीच्या मुद्द्यावर दुरुस्ती केली पाहिजे, कारण त्या वाटेने गेलेले कितीतरी कामगार चार-पाच वर्षे घालवून रिकाम्या हाताने परतलेले मी पाहिले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या दोन्ही प्रकरणांत असे स्पष्ट केले की, मालक-कामगार हे नातेच कंपनीला मान्य नसेल तर ते आधी स्वतंत्र औद्योगिक वादात सिद्ध करावे लागते. १९७१ च्या कायद्याखालील तक्रारीत तो प्रश्न सोडवता येत नाही. कंपनी पहिल्याच तारखेला 'हे आमचे कामगारच नाहीत' असे लिहून देते आणि तक्रार तिथेच अडकते.

त्याच वर्षीच्या ३० ऑगस्टच्या स्टील ऑथॉरिटीच्या निकालात पाच न्यायाधीशांच्या पीठाने, कंत्राटी पद्धत बंद झाली तरी कामगार आपोआप मूळ मालकाच्या सेवेत जात नाहीत, असे ठरवले आणि १९९६ चा एअर इंडियाचा उलट निकाल रद्द केला. त्यामुळे दहा वर्षे झाली एवढ्यावरून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. याच निकालाने एक दार मात्र उघडे ठेवले. ठेका हा केवळ देखावा असून नेमणूक, देखरेख, रजा आणि शिस्त हे सारे प्रत्यक्षात कंपनीच करते, असे सिद्ध झाले तर कामगार पहिल्यापासून कंपनीचेच मानले जातात. रजेच्या चिठ्ठ्या आणि फोरमनचे निरोप लागतात ते इथे. हा वाद एकट्याने मांडण्याचा नाही. नोंदणीकृत संघटनेमार्फत तो सहायक कामगार आयुक्तांकडे समेटासाठी न्यावा लागतो आणि शक्यतो जुना ठेका संपण्यापूर्वी न्यावा, कारण गेटबाहेर गेल्यावर स्थगिती मिळणे अवघड असते.

आता नव्या कायद्याविषयी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि 'एका वर्षात ग्रॅच्युइटी' हा संदेश तेव्हापासून सगळीकडे फिरत आहे. ती तरतूद ठराविक मुदतीच्या लेखी नेमणुकीवर असलेल्या कामगारांसाठी आहे. तुमच्यासारख्या इतरांसाठी सलग पाच वर्षांची अट पूर्वीप्रमाणेच आहे. सुदैवाने तुम्हाला त्या सवलतीची गरज नाही. आताच्या ठेकेदाराकडे ऑगस्ट २०१९ पासून तुमची सहा वर्षे पाच महिने होतात, म्हणजे सहा वर्षे धरली जातील. १५,६०० ला २६ ने भागले की दिवसाचे ६०० रुपये, त्याचे १५ दिवसांचे ९,००० आणि सहा वर्षांचे ५४,००० रुपये. एवढ्या रकमेबद्दल वाद असण्याचे कारणच नाही. पहिल्या ठेकेदाराची चार वर्षे जोडून दहा वर्षांचे ९०,००० मागता येतात, पण त्यासाठी कंपनीलाही पक्षकार करावे लागेल आणि तिथे लढत द्यावी लागेल. कारखान्यावर अंतिम नियंत्रण ज्याचे त्याच्यावर जबाबदारी टाकणारे काही उच्च न्यायालयांचे निकाल आपल्या बाजूने आहेत.

गमतीचा भाग असा की, राजीनाम्याने ग्रॅच्युइटी बुडत नाही. पाच वर्षांनंतर राजीनामा देणाऱ्यालाही ती मिळते आणि 'मागणी नाही' असे लिहून दिल्याने कायद्याने दिलेला हक्क संपत नाही. मात्र पैसे मिळाले होते की नव्हते हा वाद त्या कागदामुळे नाहक उभा राहतो. राजीनाम्याने खरे नुकसान होते ते दुसरीकडे. कामगार कपात झाल्यास एक महिन्याची नोटीस आणि दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे वेतन द्यावे लागते. स्वतःहून सोडून जाणाऱ्याला त्यातले काहीच मिळत नाही. शिवाय ठेका हा देखावा होता असे म्हणायचे असेल, तर आपल्याच सहीचा 'वैयक्तिक कारणास्तव' हा शब्द विरुद्ध पक्षाचे वकील प्रत्येक तारखेला वाचून दाखवतील.

नव्या संहितेत कारखान्याच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार लावण्यास मनाई आहे आणि सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात प्रेस शॉप हे मुख्य काम नाही असे म्हणायला धाडस लागेल. पण त्या कलमाला जोडलेले अपवाद इतके रुंद आहेत की केवळ त्याच्या भरवशावर राहू नये, असे माझे मत आहे.

तूर्त एवढे करा. दोन्ही कागद परत न देता त्यांच्या प्रती काढा. ठेकेदार आणि कंपनी या दोघांच्या नावे एकच अर्ज लिहा: 'ठेका बदलत असल्याचे समजले, मी काम करण्यास तयार आहे, राजीनामा देण्याची माझी इच्छा नाही, ऑगस्ट २०१९ पासूनच्या ग्रॅच्युइटीचा हिशेब लेखी द्यावा.' अर्ज पोचपावतीच्या टपालाने पाठवा. नोकरी संपलीच तर वेतनाची बाकी दोन कामकाजी दिवसांत आणि ग्रॅच्युइटी ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे. आणि सर्वांनी सही करण्याचे ठरवले व तुम्हालाही करावीच लागली, तर निदान तारीख स्वतःच्या हाताने घाला आणि 'ठेका बदलल्यामुळे, व्यवस्थापनाच्या सांगण्यावरून, रक्कम मिळालेली नाही' असे सहीच्या वर लिहा. असा कागद ते बहुधा स्वीकारणार नाहीत. तसे झाले तर तेही कोणासमोर आणि किती वाजता झाले याची त्याच दिवशी नोंद करा.

प्रेसशॉप, चाकण

आपणा सर्वांचा आभारी आहे. पासबुक काढून पाहिले, तर २०२१ मधील दोन महिन्यांची कपात पगारपत्रकात आहे पण भरणा नाही. त्याची वेगळी तक्रार करतो. ४२ पैकी १७ जणांनी काल रात्री एका खोलीत बसून वरच्या मजकुराचे अर्ज लिहिले आणि आज सकाळी टपालात टाकले. चौघांनी आधीच सह्या करून दिल्या होत्या, त्यांना काय सांगावे कळेना. दुपारी फोरमनने 'कागद कुठे आहेत' असे विचारले, तेव्हा 'घरी वाचायला नेले आहेत' असे उत्तर दिले. दहा वर्षांत आम्ही घरी वाचायला नेलेला तो पहिलाच कागद असल्याने तोही क्षणभर गप्प झाला. पुढची पाळी सोमवारची आहे. गेटवर काय होते ते इथे कळवीन.