रिलीज बेअरिंग एकटंच बदलू की क्लचचा पूर्ण सेट? सल्ला हवा

निळीसावली: तीन दिवसांपासून सकाळी क्लचचं पेडल खालीच राहतंय, बुटाच्या टोकाने उचलून वर घ्यावं लागतं. रिव्हर्स करकरतो. ब्रेक ऑइल (क्लचही त्यावरच चालतो) उतरतंय, पण पेडलपाशी किंवा पाइपला थेंबही नाही. मेकॅनिक म्हणतो आतलं हायड्रॉलिक रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं, गळतंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. क्लच प्लेट गेल्या वर्षीच टाकलीय, जेमतेम १२ हजार किमी. बजेट फक्त बेअरिंग आणि मजुरीपुरतं आहे.

जुनागिअर: पूर्ण सेट टाका. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, जमलं तर फ्लायव्हीलही. माझे ८० हजार किमी झाले, पेडल अजून लोण्यासारखं.

निळीसावली: दादा, बजेट वर लिहिलंय.

रात्रपाळी: पूर्ण सेटच टाका. मी फक्त बेअरिंग टाकलं, पाच महिन्यांत प्लेट घसरायला लागली. गिअरबॉक्स दोनदा उतरला, मजुरी दोनदा गेली.

साधापाना: आवाज येतो का? पेडल दाबल्यावर घरघर आली तर रिलीज बेअरिंग. दाबल्यावर थांबली तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग.

निळीसावली: आवाज नाही, गळतीच आहे.

मृदगंध: काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर (ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा) बाहेर असतो आणि फोर्क नावाचा दांडा बेअरिंगला ढकलतो. तुमच्या गाडीत फोर्क नाही. सिलिंडर इनपुट शाफ्टभोवतीच बसतो, पिस्टन कड्यासारखा, त्याच्या तोंडाशी बेअरिंग. पेडल दाबलं की पेडलकडचा मास्टर सिलिंडर ऑइल ढकलतो, पिस्टन पुढे येऊन प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची बोटं दाबतो, क्लच प्लेट सुटते. सील गेलं की तो दाबच टिकत नाही, म्हणून पेडल परत येत नाही. प्लेट झिजते तशी बोटं बेअरिंगकडे सरकतात आणि पिस्टनला मागे रेटतात, त्यामुळे केबलसारखं अ‍ॅडजस्ट करावं लागत नाही. प्लेटवर ऑइल गेलं असेल तर पुसून भागत नाही. तुम्हीही सेटच घ्या.

जुनागिअर: ब्रेक ऑइल कुठलंही चालतं, त्यात काय.

मृदगंध: नाही चालत. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर डॉट ४ (ऑइलचा दर्जा) लिहिलं असेल तर डॉट ४च. त्यात चुकून मिनरल ऑइल गेलं तर रबरी सील फुगतात.

जुनागिअर: मी वर्षानुवर्षं मिळेल ते टाकलंय.

साधापाना: भांडण बाजूला ठेवा, हे वाचा. गिअरबॉक्स बसायच्या आधी पेडलला कोणी हात लावू नये! माझ्या गाडीला नवं बेअरिंग होतं, पोराने सहज पेडल दाबलं, पुढे अडवायला काहीच नाही, पिस्टन बाहेर आला आणि सील फाटलं. पुन्हा नवं आणावं लागलं. नंतर ऑइलच्या पाइपातली हवा काढतानाही पेडलचं धडाधड पंपिंग नको, सावकाश.

रात्रपाळी: परत सांगतो, सेट टाका.

निळीसावली: काल उघडलं. बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) तळाशी ओल, बेअरिंगचा रबरी बूट ऑइलने माखलेला. प्लेट हातात घेऊन उजेडात दोन्ही बाजूंनी पाहिली, कोरडी खडखडीत. तीच ठेवली, फक्त बेअरिंग नवं टाकलं. सगळ्यांचा सल्ला मोडला, माफ करा. पेडल मात्र गिअरबॉक्स बसेपर्यंत कुणाला दाबू दिलं नाही, साधापाना, मनापासून आभार. आज सकाळी पेडल आपलं आपण वर आलं.

जुनागिअर: फ्लायव्हील तरी बघून घ्यायचं होतं.